राखणीचे पैसे

गणपतीला गावी जायचं तिकीट आमच्या घरात युद्धपातळीवर काढलं जातं. रेल्वेने 1 नोव्हेंबर 2024 पासून आगाऊ आरक्षणाची मुदत 120 दिवसांवरून 60 दिवसांवर आणली, तेव्हापासून कॅलेंडरवर तो साठावा दिवस लाल पेनाने गोल केलेला असतो. सकाळी आठच्या ठोक्याला तिघं जण तीन मोबाइल घेऊन बसतात आणि सव्वाआठपर्यंत कोणी कोणाशी बोलत नाही. इतकी तयारी. आणि मग निघायच्या आधीच्या शनिवारी सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज पडतो : ‘आमच्या ब्रूनोला आठ दिवस कोणी सांभाळू शकेल का? खूप शांत आहे.’ (‘खूप शांत आहे’ हे वाक्य स्थळाच्या पत्रिकेबरोबर येणाऱ्या ‘मनमिळाऊ’इतकंच खरं धरावं.) असा मेसेज आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत दर भाद्रपदात आणि दर मे महिन्यात येतोच. एका वर्षी तो माझा होता.

कुत्र्यावर आमचं प्रेम कमी आहे असं मुळीच नाही. आमचा खंडू सोसायटीच्याच गेटवर जन्मलेला, तांबूस रंगाचा, एक कान मोडका. आमच्या मुलाच्या आधी त्याचा वाढदिवस लक्षात राहतो. पण प्रेमाने आठ दिवसांचा प्रश्न सुटत नाही. त्या आठ दिवसांत दोन वेळचं खाणं, तीन वेळा खाली नेणं, पावसात ओला झाला तर पुसणं, औषध, घाण काढणं आणि रात्री त्याच्याजवळ कोणीतरी असणं, एवढं सगळं लागतं. हे काम आहे. आणि आपण ते काम म्हणून मोजतच नाही. कोणाच्या तरी ओळखीत, कोणाच्या तरी भिडेत, कोणाच्या तरी नाइलाजात ते ढकलून देतो आणि त्याला ‘सोय झाली’ म्हणतो. माझं म्हणणं असं की पाळलेल्या जनावराची राखण हे दाम मोजून, नोंद ठेवून करायचं काम आहे. दाम मालकाने मोजावा, नोंद महापालिकेने ठेवावी.

हे बोललं की लगेच कोणीतरी जुने दिवस काढतं. ‘आमच्या चाळीत असलं काही लागत नव्हतं, मांजर अख्ख्या मजल्याचं असायचं, गावाला गेलो तर कोणीही दूध घालायचं.’ मांजराच्या बाबतीत हे खरंच असेल. त्या मांजराला दाराला कुलूप ठाऊक नव्हतं, ते उंदरांवर जगायचं आणि दूध ही वरकमाई होती. पण गावाकडची जी राखण आपण फुकटची म्हणून आठवतो, ती फुकटची नव्हती. हे मला माझ्या आजोळात, फलटणकडे, फार उशिरा कळलं.

आजोबा माळकरी. आषाढीला माउलींची पालखी फलटणला मुक्काम करून पुढे निघाली की तिच्याबरोबर पंढरपूरपर्यंत चालत जायचे. एका वर्षी आजीनेही हट्ट धरला. दारात एक दुभती म्हैस. म्हैस परक्या हाताला पान्हा देत नाही, आत आखडून घेते. मग शेजारची सखूआत्या यायची ती आजीचं धुवायला काढलेलं लुगडं अंगाभोवती गुंडाळून. वास ओळखीचा वाटला की म्हैस कासेला हात लावू द्यायची, तरी पहिले दोन दिवस लाथ झाडायची ती झाडायचीच. लहानपणी हे ऐकून आम्ही पोरं हसायचो. मोठेपणी मी आईला विचारलं, सखूआत्या हे सगळं का करायची? आई म्हणाली, का म्हणजे? तेवढ्या दिवसांचं दूध तिचंच होतं. शेणही तिचं, तिने गोवऱ्या थापल्या. आणि निघण्याआधी आजोबांनी पेंडीचं पोतं भरून तिच्या ओसरीवर नेऊन टाकलं होतं, वैरण मोजून काढून ठेवली होती.

म्हणजे म्हशीने आपल्या राखणीचा खर्च स्वतःच दुधात फेडला होता. अर्धलीने दिलेल्या शेळीचंही तसंच. सांभाळणाऱ्याने सांभाळायची आणि करडांत निम्मी वाटणी. गावात हे कोणी कागदावर लिहीत नसे, पण दर ठरलेला होता आणि तो सगळ्यांना पाठ होता. 1872 च्या भारतीय करार कायद्यात दुसऱ्याकडे सांभाळायला दिलेल्या वस्तूंविषयी एक प्रकरण आहे. त्यातल्या 163 व्या कलमाखाली उदाहरण दिलंय ते गाईचंच. अमक्याने तमक्याकडे गाय सांभाळायला दिली, तिथे ती व्याली, तर गाईबरोबर वासरूही परत करायला हवं. सांभाळायला दिलेल्या जनावराचा हिशेब हा इतका जुना, इतका रोजचा विषय होता.

खंडू दूध देत नाही. त्याच्या शेणाच्या गोवऱ्या होत नाहीत. उलट त्याची घाण पिशवीत भरून उचलावी लागते. म्हणजे सखूआत्याला जे म्हैस देत होती ते आता कोणीतरी खिशातून द्यायला हवं, आणि तो खिसा आपला असायला हवा. आपण मात्र सखूआत्याचा शेजारधर्म तेवढा लक्षात ठेवला आणि दूध विसरलो.

आणखी एक गोष्ट त्या आठवणीतून गळून पडते. ते वारीचं एक वर्ष सोडलं तर आजी-आजोबा एका वेळी गावाबाहेर गेलेले कोणी पाहिले नाहीत. गुरांपाशी एकाने थांबायचं आणि ती एक व्यक्ती बहुतेक वेळा आजी असायची. भावाच्या घरी भाऊबीजेला ती सकाळी जाऊन दिवेलागणीला परत. शहरातही हे फारसं बदललेलं नाही. ‘घरात कुत्रा आहे, कोणीतरी थांबायलाच हवं’ असं ठरलं की थांबणारी कोण ते बघा. सासूबाई, नाहीतर परीक्षा नुकतीच संपलेली मुलगी, नाहीतर ‘तुला तसाही प्रवास सोसत नाही’ असं जिला परस्पर सांगितलं जातं ती.

बरोबर घेऊन जा की मग, असा सोपा सल्ला मिळतो. रेल्वेत कुत्रा नेता येतो, पण फर्स्ट एसीचा दोन बर्थचा कूपे किंवा चार बर्थची केबिन पूर्ण आपली असेल तरच. कूपे मिळाला की नाही ते चार्ट लागल्याशिवाय कळत नाही. नाहीतर मग गार्डच्या डब्यातली लोखंडी पेटी. सेकंड एसी, थर्ड एसी, स्लीपरमध्ये मनाई. गणपतीच्या गर्दीत जिथे माणसाला वेटिंगवर झुलावं लागतं तिथे कुत्र्यासाठी अख्खा कूपे मागणं म्हणजे चेष्टाच. विमानात एक-दोन कंपन्या केबिनमध्ये छोटा प्राणी नेऊ देतात, पण पिंजऱ्यासकट वजनाची मर्यादा असते आणि खंडू त्या मर्यादेत शेवटचा बसला तो दीड महिन्याचा असताना. एकदा गाडीने नेला. मुंबई-गोवा महामार्गाबद्दल मी काही लिहायला नको. सासरी, राजापूरजवळच्या वाडीत, पोचल्यावर वाडीतल्या चार कुत्र्यांनी त्याला पडवीतून खाली उतरू दिलं नाही आणि रात्री सासऱ्यांनी त्याला पडवीतही ठेवू दिलं नाही, कारण बिबट्या कुत्रा उचलतो. चार रात्री तो माजघरात कण्हत पडला आणि आरतीच्या झांजांना घाबरून माळ्याच्या जिन्याखाली शिरला. त्यानंतर आम्ही नेला नाही.

मग उरतं ते बोर्डिंग. ‘हॉस्टेल’ म्हणतात, ‘डॉग होमस्टे’ म्हणतात, हल्ली ‘रिसॉर्ट’ही म्हणतात. आम्ही निवडलेली जागा शहराबाहेर होती, शेतघरासारखी. फोटोत हिरवळ होती आणि प्रत्यक्षातही होती. पिंजरे मागच्या शेडमध्ये होते, ते आम्ही पाहायला मागितले नाहीत. ही आमची चूक. दर दिवसाला सातशे ठरले, आठ दिवसांचे पाच हजार सहाशे, एका वैयक्तिक नंबरवर यूपीआयने. पावती नाही. लसीचं कार्ड मागितलं नाही, तेव्हा मला बरंच वाटलं होतं, किती साधे लोक आहेत! खंडूचं कार्ड मागितलं नाही म्हणजे दुसऱ्या कोणाचंही मागितलं नसणार, हे डोक्यात आलं नाही.

रोज एक व्हिडिओ पाठवायचं ठरलं होतं. पहिले दोन दिवस आला. मग दोन दिवस काही नाही. पाचव्या दिवशी मी फोन केल्यावर तासाभराने एक आला : खंडू हिरवळीवर, बाजूला लाल बादली, कडक ऊन. मुलगा बघून म्हणाला, ‘आई, हा दुसऱ्या दिवशीचाच आहे, बादली तिथेच पडलीय.’ त्या दिवशी कल्याणपासून राजापूरपर्यंत धो-धो पाऊस होता.

परत आणला तेव्हा त्याचा आवाज बसला होता. भुंकायला गेला की नुसती हवा. दोन्ही कानांत गोचिड्या, बोटांच्या बेचक्यांत गोचिड्या. चार दिवसांनी त्याने खाणं सोडलं, हिरड्या पांढुरक्या पडल्या. डॉक्टरांनी रक्त तपासलं, गोचीड ताप. पुढचे तीन आठवडे औषधं. बरा झाला. पावसाळ्यात गोचिड्या कुठेही लागतात, घरीही लागल्या असत्या, असं बोर्डिंगवाला म्हणाला आणि त्यात अर्धं तथ्य आहे. मला राग गोचिड्यांचा नव्हता. मला कुठे तक्रार करायची तेच सापडत नव्हतं, त्याचा होता. महापालिकेची तिथे हद्द नव्हती. ग्रामपंचायतीकडे अशा धंद्याची नोंदच नव्हती, कारण असा धंदा नोंदवायचा रकानाच नव्हता. ग्राहक आयोगाकडे जाता येतं, 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पैसे घेऊन दिलेली सेवा येते. पण त्याच्यापुढे ठेवायला मजजवळ होतं काय? यूपीआयचा एक आकडा आणि लाल बादलीचे दोन व्हिडिओ.

कायदा अगदीच गप्प आहे असं नाही. करार कायद्याचं 151 वं कलम सांगतं की सांभाळायला घेतलेल्या वस्तूची काळजी समंजस माणूस स्वतःच्या वस्तूची घेतो तेवढी घ्यायला हवी. खंडूला ‘वस्तू’ म्हटलेलं मुलाला आवडलं नाही, पण काळजीचं हे माप चांगलं आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा 1960 चा कायदा आहे. पाळलेल्या जनावराला पुरेसं खाणं, पाणी, निवारा न देणं हा त्यात गुन्हा आहे. उपासमार होईल अशा स्थितीत जनावर सोडून देणं हाही गुन्हा आहे. म्हणजे बाल्कनीत पाण्याचं भांडं ठेवून, चार दिवसांचा ढीगभर पेडिग्री ओतून महाबळेश्वरला जाणारे या कलमात येऊ शकतात. शिक्षा? पहिल्या गुन्ह्याला कमीत कमी 10 रुपये, जास्तीत जास्त 50. 1960 साली 50 रुपयांना वजन असेल. आज तेवढ्यात कोणी खंडूला एकदा खालीसुद्धा नेणार नाही. दंड वाढवायचा मसुदा केंद्राने 2022 मध्ये लोकांपुढे ठेवला होता. कायदा तिथेच आहे.

2017 मध्ये कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांसाठी नियम आले, 2018 मध्ये पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी. दोन्हींचा रोख जनावर विकण्यावर. विकलं गेल्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत त्याला जे अधूनमधून चार दिवस परक्याकडे राहावं लागतं, त्या राखणीच्या धंद्यासाठी वेगळे नियम मात्र मला सापडले नाहीत.

आणि गंमत बघा. कोंडवाड्याचा कायदा 1871 चा. दुसऱ्याच्या शेतात शिरलेलं मोकाट ढोर कोंडवाड्यात घातलं की तिथल्या राखणदाराने वहीत नोंद करायची, त्याला चारा-पाणी द्यायचं आणि त्या चाऱ्या-पाण्याचा दर जिल्हा मॅजिस्ट्रेटने ठरवून द्यायचा, हे सगळं त्या कायद्यात लिहिलेलं आहे. इंग्रजांनी ते दयेपोटी केलं असेल असं मला वाटत नाही. शेतसारा भरणाऱ्या शेतकऱ्याचं पीक आणि त्याचा बैल दोन्ही महत्त्वाचे होते म्हणून केलं. पण नियम झाला. दीडशे वर्षांपूर्वी चुकलेल्या रेड्याला जेवढी नोंद मिळत होती तेवढी आज पैसे भरून ठेवलेल्या कुत्र्याला मिळत नाही.

इंग्लंडमध्ये कुत्र्या-मांजरांच्या बोर्डिंगला 1963 च्या कायद्यापासून स्थानिक कौन्सिलचा परवाना लागतो. 2018 च्या नियमांमध्ये स्वतःच्या घरात पैसे घेऊन दुसऱ्याचा कुत्रा ठेवणारेही येतात. तपासणी होते, एक ते पाच तारे मिळतात आणि ताऱ्यांप्रमाणे परवान्याची मुदत कमी-जास्त होते. लंडनजवळ राहणारी माझी मावसबहीण डिसेंबरात पुण्याला यायला निघते तेव्हा तिथल्या बोर्डिंगवाल्याला आधी परवाना नंबर विचारते, मग दर विचारते. मी तिला सांगितलं, आमच्याकडे आम्ही आधी ‘ओळखीतला आहे ना?’ विचारतो.

आता परवाना म्हटलं की आपल्या अंगावर काटा येतो आणि तो का येतो ते मला कळतं. परवाना म्हणजे खेटे, खेटे म्हणजे चिरीमिरी. आमच्याच सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर निवृत्त झालेल्या एक बाई आहेत, त्या एका वेळी दोनच कुत्रे ठेवून घेतात. त्यांच्या घरी कुत्रे सोफ्यावर झोपतात. त्यांना उद्या अग्निशमनचा दाखला आणि सांडपाण्याचा नकाशा मागितला तर त्या काम बंद करतील आणि शेतघरवाला मात्र सगळे दाखले विकत घेऊन पाच तारे लावून बसेल. म्हणून मी पहिल्या दिवशी परवाना मागत नाही. मी वही मागते. कोंडवाड्याची वही. महापालिका कुत्र्याचा परवाना देतच असते. पुणे महापालिकेने तर 2022 मध्ये कुत्र्यांच्या पाठोपाठ मांजरांच्या नोंदणीचाही निर्णय घेतला. त्याच खात्यात आणखी एक रकाना : पैसे घेऊन जनावरं कोण ठेवतं, कुठे ठेवतं, एका वेळी किती ठेवतं, अडीअडचणीला कोणत्या डॉक्टरांना बोलावतं. ठेवणाऱ्याने प्रत्येक प्राण्याचं लसीचं कार्ड पाहायचं, पावती द्यायची. शहराच्या हद्दीबाहेर हेच ग्रामपंचायतीने. एवढं झालं तरी गोचिड्या जाणार नाहीत, पण तक्रार कोणाविरुद्ध करायची ते तरी कळेल.

लसीच्या कार्डाचा आग्रह श्रीमंती चोचला नाही. अनेक कुत्रे एका शेडमध्ये आले की खोकला पसरतो, पिल्लांमध्ये पार्वो पसरतो आणि पार्वो लागलेलं पिल्लू दोन दिवसांत हातचं जाऊ शकतं. आणि रेबीज आहेच. तो कुत्र्यापुरता राहत नाही.

तो कोणापर्यंत पोचतो ते मला पुढच्या वर्षी कळलं. या लेखात मला खरं बोलायचंय ते याच गोष्टीविषयी.

बोर्डिंगचा अनुभव घेतल्यावर आम्ही ठरवलं, घरच्या घरीच बरं. आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी खंडूला ओळखतात, तो त्यांच्या पायात घोटाळतो. मी विचारलं, ‘मावशी, दहा दिवस दोन वेळा याल का? भात-चिकन फ्रीजमध्ये करून ठेवते, नुसतं गरम करून घालायचं, खाली फिरवून आणायचं.’ त्या म्हणाल्या, ‘येईन की ताई.’ पैशाचं मी बोलले नाही. गावाहून येताना साडी आणायची असं मनात होतं. साडी आणलीही, चांगली होती. ‘त्या घरच्यासारख्या आहेत’ असं मी नवऱ्याला म्हणाल्याचं मला आठवतं.

दीड दिवसाच्या गणपतींच्या विसर्जनाला आमच्या रस्त्यावर ढोलपथक आलं. मावशी संध्याकाळी आल्या तेव्हा खंडू पलंगाखाली, भिंतीला चिकटलेला. कुत्र्याला माणसापेक्षा कितीतरी जास्त ऐकू येतं. आपल्या छातीत घुमणारा ढोल त्याच्या कानात काय होत असेल ते त्यालाच ठाऊक. त्यांना वाटलं, याला खाली न्यायचं राहिलंय, घाण केली तर ताई काय म्हणतील? त्यांनी वाकून पट्ट्याला धरून ओढलं. त्याने मनगटाजवळ चावा घेतला.

आम्ही परतलो ते दहाव्या दिवशी. मनगटाला पट्टी बघून विचारलं तर म्हणाल्या, ‘चावला नाही हो ताई, दात लागला.’ रक्त आलं होतं. खंडूची लस झालेली होती, तरी पालिकेच्या दवाखान्यात त्यांना इंजेक्शनं सुरू करावी लागली : त्याच दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. आम्ही आलो तोवर तीन फेऱ्या झाल्या होत्या. दवाखान्यात सकाळची रांग असते, म्हणजे त्या दिवशी बाकीच्या चार घरांना दांडी. दोन घरांनी पगार कापला. एका घराने, ‘कुत्रा चावला तर भांडी घासू नका, आम्हाला भीती वाटते,’ म्हणून आठ दिवस येऊच नका सांगितलं. मला फोन का केला नाहीत, असं मी विचारलं. ‘तुमच्या सणात कशाला?’

मी खंडूची गोष्ट लोकांना सांगते तेव्हा सगळे हळहळतात. मावशींची सांगते तेव्हा चार जणांपैकी एक तरी विचारतो, ‘पण त्यांनी ओढलं कशाला?’

आपल्या सुटीतल्या कुत्र्याचा खरा खर्च असा कोणाच्या तरी मनगटावर पडतो. मोलकरीण, वॉचमन, इस्त्रीवाल्याचा मुलगा. वॉचमनची बारा तासांची ड्यूटी असते आणि त्यात दोन फ्लॅटची कुत्री फिरवणं ‘तसंही तो बसलेलाच असतो’ म्हणून घातलं जातं. त्याला नाही म्हणता येत नाही. महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी 2008 चा कल्याण मंडळाचा कायदा आहे, पण मालकाचं जनावर सांभाळताना चावा बसला तर दवाखान्याचे आणि बुडालेल्या रोजाचे पैसे कोणी द्यायचे, हे ठरवायला कायद्याची वाट का बघायची? ते दार उघडण्याआधी आपणच ठरवायला हवं होतं. मी ठरवलं नव्हतं. प्राणिप्रेमाबद्दल सोसायटीत सगळ्यात जास्त बोलणारी मी. सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही, हे पशु कल्याण मंडळाचं 2015 चं पत्रक मीटिंगमध्ये तोंडपाठ म्हणून दाखवणारी मीच.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो पोरकट नाही. इथे माणसांच्या पोरांना धड पाळणाघर नाही, म्हाताऱ्या आईबापांना चार दिवस कोणाकडे ठेवायचं म्हटलं तर जागा नाही, आणि तुम्हाला कुत्र्यांच्या वसतिगृहाची पडलीय? मला या दोन्ही अडचणींचं मूळ एकच दिसतं. मूल सांभाळणं, म्हातारं माणूस सांभाळणं, जनावर सांभाळणं, तिन्हींना आपण मायेची कामं म्हणतो आणि मायेची म्हणून त्यांचा दर ठरवायला लाजतो. दर नसला की ते काम घरातल्या किंवा दुसऱ्याच्या घरातून आलेल्या बाईवर जातं. कुत्र्याच्या राखणीचा दर मोकळेपणी बोलायची सवय लागली म्हणून आजीच्या राखणीची किंमत कमी होणार नाही.

‘परवडत नसेल तर पाळू नका’ हा दुसरा आक्षेप. तो मला जवळजवळ मान्य आहे. पिल्लू आणताना आपण खाण्याचा हिशेब करतो, लसींचा करतो. वर्षातून पंधरा दिवस आपण घरी नसणार, त्याचे दहा-बारा हजार कोणी करत नाही. गाडीचा विमा धरतो तसे तेही धरायला हवेत. पण खंडूसारखं गेटवरचं पिल्लू सांभाळणारे बरेच लोक हिशेब करून सांभाळत नाहीत. पावसात भिजताना दिसलं म्हणून आत घेतात. त्यांनी घेतलं नसतं तर ते रस्त्यावरच राहिलं असतं. त्यांना ‘पाळू नका’ म्हणणं सोपं आहे. त्यापेक्षा माफक दरात, नोंद असलेली, रात्री माणूस झोपायला असणारी जागा जवळपास असणं जास्त उपयोगाचं.

मांजरवाल्यांसाठी दोन ओळी, कारण त्यांना वाटतं हे सगळं कुत्रेवाल्यांचं. मांजर घराला धरून असतं, कुत्रं माणसाला, असं जुनी माणसं म्हणायची ते अनुभवाचं आहे. मांजराला दुसरीकडे नेऊन ठेवण्यापेक्षा त्याच्या घरी माणूस येणं केव्हाही बरं. पण ‘मांजर काय, स्वतःचं बघतं’ म्हणून तीन दिवसांचं खाणं ओतून जाऊ नका. रुसलेलं मांजर खाणं सोडतं, आणि मांजर दोन-तीन दिवस सलग उपाशी राहिलं, विशेषतः गुबगुबीत असेल तर, त्याच्या यकृतावर चरबी चढून ते जिवावर बेतू शकतं. रोज कोणीतरी येऊन वाटीत किती उरलं ते बघणं, हेच ते काम. त्याचेही पैसे द्या.

मागच्या वर्षी निघायच्या पंधरा दिवस आधी मी मावशींना चहा देऊन समोर बसवलं आणि म्हटलं, दर सांगा. त्या बराच वेळ काही बोलेनात. मग म्हणाल्या, ‘ताई, घरच्यासारखं हाय, काय बोलायचं?’ मी म्हटलं, घरच्यासारखं म्हणूनच मागच्या वेळी तुमचे दोन पगार कापले गेले. त्या हसल्या. मग त्यांच्या मुलीने, ती बारावीला आहे, वहीचं एक पान फाडून त्यावर लिहून दिलं. दिवसाला चारशे. निम्मे आधी. काही झालं तर दवाखाना आणि बुडालेला रोज ताईंचा. रात्रीचं तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंकडे झोपवायचं, त्यांचे पैसे वेगळे. तो कागद अजून फ्रीजला लावलेला आहे. खाली मावशींनी मुलीला सांगून एक ओळ नंतर घालायला लावली, दुसऱ्या शाईत आहे : ‘ढोल वाजतील त्या दिवशी मी त्याला खाली नेणार नाही. घाण झाली तर पुसून काढीन.’